नमुना क्रमांक चार

वर्षातून चारदा यावं लागतं इथं.
नगरपालिकेची गाडी, निळी पेटी, सहा बाटल्या.
पुंकाकोर्पीचा फाटा सोडला की डांबर संपतं,
मग टेकाडाच्या कडेकडेनं स्प्रूसची दाटी.
आणि टेकाड तरी कसलं,
आगगाडीच्या भरावासारखं अरुंद, लांबच लांब.
कुणा माणसानं घातलेलं नाही ते.
बर्फ होता इथं, दोन किलोमीटर जाडीचा,
त्याच्या पोटाखालून अंधारात एक नदी
गोटे घोळत, वाळू चाळत,
जड ते आधी टाकत चालली होती.
बर्फ गेला. नदी गेली.
तिनं टाकलेलं तेवढं राहिलं.

पायथ्याशी झरा.
जाताना बर्फाचा एक चुकार तुकडा मागे राहिला,
वाळूत पुरलेला, सगळ्यांनंतर विरघळला.
ही त्याची खळी.
यादीत मात्र याला नाव नाही, नमुना क्रमांक चार.

तळाशी वाळूला उमाळे फुटत असतात,
भाताच्या आधणासारखे, फक्त गार.
थर्मामीटर सोडतो: पाच अंश.
जूनमध्ये पाच.
जानेवारीत बाहेर उणे तीस, तेव्हाही पाच.
हा एक आकडा मी न बघता लिहू शकतो.
तरी बघतो.

हिल्का आधीच आलेली असते.
ऐंशीच्या पुढची. पायानं रेटायची घसरगाडी,
तीवर दुधाचे दोन जुने कॅन.
घरी नळ आहे.
नळाच्या पाण्याची कॉफी, तिच्या मते, औषध असतं.
ती सरकते, मी वाकतो.
बाटली भरतानाची बुडबुड,
आमचं बोलणं बहुतेक तेवढंच.

या खेपेला तिनं विचारलं,
"याचं वय किती?"
"कुणाचं?"
"पाण्याचं. तुम्ही मोजता म्हणे."
मोजलं होतं प्रयोगशाळेनं, गेल्या शरदात.
म्हटलं, सदतीस. एखाददुसरं इकडेतिकडे.
बर्फ पडतो, वितळतो, वाळूत उतरतो,
वाट काढत काढत इथं वर येतो,
तोवर सदतीस हिवाळे होऊन गेलेले असतात.

ओठ हलले तिचे. वजाबाकी.
मग हनुवटीनं वर दाखवत,
"तेव्हा तिथं राहायचो आम्ही.
खिडकीपर्यंत बर्फ होता त्या साली.
तौनोनं कधी कडेपर्यंत काढला नाही.
मधोमध एक वाट पाडायची,
की आत येऊन बूट वाळत टाकायचे.
मी ओरडायची. फार ओरडायची."

त्याच वसंतात तो स्वीडनच्या बोटीवर चढला,
दोन महिन्यांच्या कामासाठी.
पुढचं गावाला माहीत आहे,
म्हणून मी विचारलं नाही.

"म्हणजे हा त्यानं न काढलेला बर्फ,"
कॅनमध्ये डोकावत ती म्हणाली.
काढलेलाही शेवटी वितळतोच,
ढिगात असो की अंगणात,
हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.
बाटलीचं बूच घट्ट करत राहिलो.

तिनं ओंजळभर प्यायलं.
"गार आहे," म्हणाली,
जणू हे आजच कळलं.
मग दोन्ही कॅन भरले, कडेपर्यंत,
आणि कमरेवर हात देऊन उभी राहू लागली,
थोडी, मग अजून थोडी.
शाळेत शिकवतात आम्हाला:
बर्फाच्या ओझ्यानं दबली होती ही जमीन,
ओझं उतरून दहा हजार वर्षं झाली,
अजून पाठ सरळ करतेय.

परतीची वाट अरुंद. तिला ओलांडून जाता येत नाही.
पुढं घसरगाडी, कॅनमधून हिंदकळणारं पाणी,
वाटेवर पडता पडता गोठणारं,
मागं पहिल्या गिअरमध्ये मी.
पेटीत सहाही बाटल्या किणकिणतायत.
घाई आहे खरं तर,
प्रयोगशाळा चारला बंद होते.
हॉर्न मात्र वाजवला नाही.